कुत्र्यांना पोळ्याचं आवतण

समोरचा माणूस जेवलेला आहे की उपाशी, हे धोंडिबा काळे त्याच्या तोंडाकडं बघून ओळखत, आणि जेवलेला असला तरी त्यांचं समाधान होत नसे. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा पिठलं-भाकरी खायला बसवलं होतं. दुसऱ्या भाकरीला तो नको म्हणाला, तिसरीला हात जोडले, आणि पुढच्या महिन्यापासून तो जिन्यात चपला हातात घेऊन यायला लागला.

फुलंब्रीजवळच्या गावी ही सवय खपून जाई. तिथं दावणीला पाखऱ्या आणि तांब्या ही बैलजोडी होती. त्यांच्यापुढं कितीही टाकलं तरी ते नाही म्हणत नसत. पुढं भाड्याचा ट्रॅक्टर सोयीचा पडायला लागला, जोडी विकली, शेत बटईनं दिलं, आणि धोंडिबा बायकोला, भागूबाईंना घेऊन गोकुळकडं, म्हणजे मुलाकडं, बजाजनगरात राहायला आले. घर तिसऱ्या मजल्यावर. तिथं चारायला फक्त सून होती, राजनंदिनी, आणि ती डाएटवर होती.

चार महिने धोंडिबांनी गॅलरीत बसून काढले. कावळ्यांना, चिमण्यांना, खारींना घातलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली की त्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांवर पोळीचे तुकडे पडतात आणि साड्यांना मुंग्या लागतात. तेव्हा गोकुळ म्हणाला, "बाबा, तुम्हाला खायला घालायचंच काम बघतो कुठंतरी." आणि खरोखरच त्यानं ते बघितलं.

काम होतं भानुमतीबाईंच्या सुरक्षा एजन्सीत. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. कारखान्यांना पहारेकरी पुरवायच्या, आणि पहारेकऱ्यांच्या जोडीला कुत्री. बजाजनगरच्या मागच्या अंगाला एका प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये चार कुत्री राहत. शेरा आणि ज्युली ही काळीभोर, चपळ जोडी. बुलेट वयानं लहान आणि सदा भुकेला. चौथा कर्नल, तोंडावर पांढरे केस आलेला म्हातारा अल्सेशियन, जो बसताना माणसासारखा 'हं' करून बसायचा. भानुमतीबाई स्वतः कांदासुद्धा बेतानं खाणाऱ्या, पण कुत्र्यांसाठी कोंबडी आणायला त्यांनी कधी कमी केलं नाही. फक्त ते शिजत असताना त्या नाकाला रुमाल लावून लांब उभ्या राहत आणि तिथूनच सूचना देत. रुमालामुळं त्या सूचना कुणाला कळत नसत.

धोंडिबांना हे काम पहिल्या दिवसापासून मानवलं. ज्वारीच्या कण्या, उकडलेला भोपळा, कोंबडीची मान-पाय, वरून दही. कंपनीचं कोरडं खाणं पोत्यातून यायचं, त्याला ते 'पेंड' म्हणत. अडचण एकच होती, कुत्र्यांच्या खाण्यात मीठ घालायचं नाही असा नियम होता.

"आळणी जेवण सुतकातल्या घरी असतं, हवालदार," धोंडिबा म्हणाले. "ह्यांचं कोण मेलंय?"

"मामा, तुम्ही मीठ घालाल तर ह्यांचंच कोणतरी मरंल," सर्जेराव म्हणाला. सर्जेराव कुत्र्यांचा शिक्षक. पलटणीत कुत्री शिकवून आलेला, मिशा राखून असलेला, आणि हुकूम फक्त इंग्रजीत देणारा. कुत्र्याला मराठीत 'बस' म्हटलं की ते लाडावतं, असं त्याचं मत होतं.

त्याचा दुसरा नियम धोंडिबांना मिठाहून जड गेला. कामावर जाणाऱ्या कुत्र्याला कामाच्या आधी खायला द्यायचं नाही. काम झालं, जरा दम खाल्ला, की मग.

"उपाशी पोटी कामाला?" धोंडिबांचा विश्वास बसेना. "आमच्यात सावकारानंबी गड्याला न्याहारीबिगर शेतात नाय पाठवलं."

"गडी धावून चोराची तंगडी धरतो का? पोट भरलेलं कुत्रं झोपतं, मामा. नायतर पळून पळून त्याच्या पोटाला पीळ पडतो."

नियम त्यांनी पाळला. पण कुत्री गाडीत बसून रात्रपाळीला निघाली की ते तोंड फिरवून उभे राहत, जणू एखादी लेक न जेवता सासरी निघाली आहे.

त्या पावसाळ्यात एजन्सीचे दिवस फिरले. कारखान्यांनी भिंतीभिंतीवर कॅमेरे बसवले.

"कॅमेऱ्याला खायला लागत नाही," भानुमतीबाई एकदा शेडमध्ये येऊन म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी रुमाल खाली घेतला होता, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"म्हणून तर त्याच्यात जीव नसतो, मॅडम."

"धोंडिबा, ऐका. वाळूजच्या एका नव्या कारखान्याला कुत्री हवी आहेत. त्यांचे वैद्यसाहेब बुधवारी प्रात्यक्षिक बघायला येणार. त्यांनी घेतली तर ठीक. नाही घेतली तर नाशिकचा एक माणूस चारही कुत्री विकत घ्यायला तयार आहे, गुरुवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. मग फक्त पहारेकरी ठेवायचे."

"विकायची?" धोंडिबा म्हणाले. पाखऱ्या-तांब्याला नेणारा टेम्पो त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या दिवशी त्यांनी जोडीला इतकं चारलं होतं की टेम्पोत चढतानाही दोघं रवंथ करत होते. मागं वळून बघायला त्यांना सवड नव्हती.

बुधवारला अवकाश होता, आणि मध्ये मंगळवारी पोळा होता. भानुमतीबाईंच्या कॅलेंडरवर ती नुसती अमावास्या होती, कारखान्यांना सुट्टी नसलेली. पण वर्षभर राबणाऱ्या जनावराला त्या एका दिवशी न्हाऊ घालायचं, सजवायचं, पुरणपोळी चारायची आणि कामाला हात लावू द्यायचा नाही, हे धोंडिबांनी चालायला लागल्यापासून पाहिलेलं. गावी आता बैल नव्हते. पण राबणारी चार जनावरं तर होती.

"आवो, पोळा बैलाचा असतो," भागूबाई म्हणाल्या.

"राबणाऱ्याचा असतो. बैल राबत होता म्हणून बैलाचा. हे रातभर जागतेत, ते काय फुकट?"

यावर भागूबाईंनी हरभऱ्याची डाळ भिजत घातली.

सोमवारी संध्याकाळी सर्जेराव घरी गेल्यावर धोंडिबांनी खांदेमळणी केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे कोमट पाण्यानं धुऊन तूप-हळदीनं मळतात, कारण वर्षभर जू त्याच खांद्यावर असतं. कुत्र्यांच्या खांद्यावर काही नसतं, असलंच तर गळ्यात पट्टा. धोंडिबांनी मान आणि खांदे दोन्ही मळले. शेरा आणि ज्युली शहाण्यासारखी उभी राहिली. कर्नलनं 'हं' करून अंग सोडून दिलं. बुलेटनं स्वतःचा खांदा चाटून साफ केला आणि मग बाकीच्यांचे चाटायला गेला. मग धोंडिबांनी एकेकाच्या कानाशी तोंड नेऊन गावच्या रीतीनं सांगितलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

चौघांनी कान हलवले. आवतण पोचलं.

हात धुतात न धुतात तोच भानुमतीबाईंचा फोन आला. वैद्यसाहेबांना बुधवारी जमत नव्हतं, ते उद्याच सकाळी येणार होते. "सर्जेरावांना कळवलंय. सकाळी काही खायला घालू नका. आंघोळ मात्र घाला, स्वच्छ दिसू देत."

धोंडिबा फोन हातात धरून चार पिवळ्या कुत्र्यांकडं बघत बसले.

रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच वाद चालला होता. मॅडमचा हुकूम खरा, पण आवतण दिलेल्याला उपाशी उठवायचं? काळ्यांच्या घराण्यात हे कधी झालेलं नव्हतं. पहाटे त्यांना तोड सापडली. प्रात्यक्षिक म्हणजे काम नव्हे, ते नुसतं मिरवणं. बैलसुद्धा पोळ्याला वेशीतून मिरवतात. आणि मिरवणाऱ्याला एक घास द्यायला काय हरकत? एकच घास.

सकाळी भागूबाई पुरणपोळ्यांचा डबा आणि ओवाळणीचं ताट घेऊन शेडवर आल्या. धोंडिबांनी कुत्र्यांना न्हाऊ घातलं, पण हळदीला पाण्यानं अजून रंग चढला. गळ्यात घुंगरं बांधली. शिंगं नसल्यामुळं बाशिंग कशाला बांधायचं हा प्रश्न पडला, तेव्हा ते एका कर्नलच्याच कपाळावर बांधलं, कारण तो एकटाच हलत नव्हता. भागूबाई ओवाळत असताना बुलेटनं निरांजनातली तुपाची वात खाल्ली.

"आता एकेक पोळी वाढ," धोंडिबा म्हणाले.

"एकेक?" भागूबाईंनी हात मागं घेतला. "एकटी पोळी कोण वाढतं पानात? दोन तरी वाढतेत माणसं."

हे बरोबर होतं. दोन-दोन वाढल्या. त्या जमिनीला लागायच्या आत संपल्या आणि चार तोंडं वर झाली. भागूबाईंनी मायेनं आणखी एकेक टाकली. मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

"आगं, तीन झाल्या!"

"अगंबाई. तीन नाय वाढत."

"आन तेबी आज, मोठ्या कामाच्या दिवशी. तीन तिगाडा, काम बिगाडा."

काम बिघडू नये म्हणून चौथी वाढणं भागच होतं. चौथीवर तूप घालायचं राहिलं होतं म्हणून तूप वाढलं. मग पाण्याचं भांडं ठेवलं. तेवढ्यात सर्जेरावची मोटारसायकल आली, आणि मागोमाग भानुमतीबाईंबरोबर वैद्यसाहेबांची गाडी.

सर्जेराव फाटकातच थबकला. "मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्यांना कावीळ झाली का?"

"पोळा हाय आज."

"आन कर्नलच्या डोक्यावर काय हाय?"

"बाशिंग."

सर्जेरावनं डोळे मिटले. पण वैद्यसाहेब जवळ आले होते. शंतनू वैद्य तरुण, सभ्य, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. त्यांनी बाशिंगाकडं बघितलं, भानुमतीबाईंकडं बघितलं आणि सभ्यपणानं काहीच विचारलं नाही.

चोराचं काम बन्सी करायचा. तो एजन्सीतलाच पहारेकरी, चांगला दणकट. हाताला जाड गादीची बाही घालून त्यानं कुंपणाच्या कडेनं पळायचं, आणि हुकूम मिळताच कुत्र्यानं जाऊन बाही धरायची. बन्सी पळाला. सर्जेराव गरजला, "शेरा! अटॅक!"

शेरा आडवा झाला.

"ज्युली! अटॅक!"

ज्युलीनं शेराच्या पाठीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. बुलेट आधीच पाय वर करून उताणा पडला होता. कर्नल बाशिंगासकट घोरत होता.

बन्सी कुंपणापर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्यांदा तो जरा जवळून पळाला. तिसऱ्यांदा त्यानं हातवारे केले, शिव्या दिल्या, शेराच्या खापरपणजोबाचा उद्धार केला. मग तो चालतच आला आणि शेरापुढं उकिडवा बसला.

"चाव की रं, राजा," तो कुजबुजला. "साहेब बघायलेत. हे घे, बाही तोंडात घे. नुसतं धर. पाया पडतो तुझ्या."

शेरानं जांभई दिली. त्या जांभईला गुळाचा आणि वेलदोड्याचा वास होता. तो बन्सीला आला, सर्जेरावला आला, आणि वैद्यसाहेबांनाही आला.

"पुरणपोळी?" वैद्यसाहेब म्हणाले.

सर्जेरावनं धोंडिबांकडं अशी नजर टाकली की धोंडिबा पुढं येऊन उभे राहिले. "चूक माझी हाय, साहेब. हवालदारांनी लई चांगलं शिकवलंय त्यांना. मी आवतण दिलं होतं, आन मग पोळ्यांचा हिशोब जुळंना. आज पोळा. राबणाऱ्या जनावराची सुट्टी असती आज."

भानुमतीबाई बँकेत चाळीस माणसांच्या रजा मंजूर-नामंजूर करून आलेल्या. त्यांनी पदर सावरला आणि बँकेतला आवाज काढला.

"बरोबर आहे. आमच्याकडची कुत्री आज रजेवर आहेत."

"मग मला बोलावलंत कशाला?" वैद्यसाहेबांनी विचारलं.

"तुम्हीच दिवस बदललात. आणि शिस्त तर बघितलीत ना? चोर पायाशी येऊन बसला, तरी रजेवरचा एकही कुत्रा जागचा हलला नाही."

वैद्यसाहेबांनी बराच प्रयत्न केला, पण हसू फुटलंच. रुमालानं डोळे पुसत ते म्हणाले, "ठीक आहे. उद्या सकाळी. दुसरी मीटिंग पुढं ढकलतो. पण उद्याचं शेवटचं."

गाडी गेल्यावर भानुमतीबाई वळल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या रागावल्या नाहीत. "धोंडिबा, नाशिकच्या माणसाला मी अजून नको म्हटलेलं नाही. परवा त्याची गाडी येईल. उद्यावर आहे सगळं."

बुधवारी सकाळी धोंडिबा शेडवर आले तेव्हा कण्यांच्या पिंपाच्या झाकणावर भागूबाई बसलेल्या होत्या.

"तू कशाला आलीस?"

"तुमच्यावर नजर ठेवाया. हवालदारांचा फोन आला होता राजनंदिनीला."

कुत्र्यांची पोटं आता रिकामी झाली होती. शेरा आणि ज्युली येरझारा घालत होती. कर्नल धोंडिबांच्या पायावर पाय ठेवून बसला. बुलेटनं आपली थाळी तोंडात धरून आणली, धोंडिबांपुढं ठेवली, मागं सरकून बसला आणि मान तिरकी केली. धोंडिबांनी तोंड फिरवलं. थाळी त्या बाजूला आली.

"जरा ताक तरी..."

"नाय."

"नुसती वाटीभर पेज. पेज म्हंजे पाणीच की."

"नाय म्हंते ना. तुमच्या आईनं शाळेच्या वक्ताला असंच पेज पेज करून चारलं, म्हणून चौथीत दोनदा बसलात. झोपत व्हता बाकावर."

"बघ की त्याचं तोंड, भागू."

"तोंड बघून चारलं म्हणून काय जनावर राहतं का आपल्यापाशी?" भागूबाई म्हणाल्या. "पाखऱ्या-तांब्याला कमी चारलं व्हतं का तुम्ही?"

हे लागलं. धोंडिबांनी बुलेटची थाळी उचलली, उंच फळीवर ठेवली आणि फळीकडं पाठ करून उभे राहिले. बुलेट जे कण्हला, ते त्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं. आयुष्यात कुणाच्या पुढ्यातली थाळी उचलायची त्यांची ही पहिली वेळ होती.

वैद्यसाहेब आले. बन्सी कालच्या अनुभवानं निर्धास्त होता. बाही त्यानं सैलच बांधली होती, आणि पळण्याऐवजी तो फिरायला निघाल्यासारखा चालला होता. वर कुत्र्यांकडं बघून त्यानं जीभ काढून दाखवली.

"शेरा! अटॅक!"

नंतर बन्सीनं सांगितलं की त्याला फक्त वारा लागला. शेरानं बाही धरली तेव्हा ज्युली वाट अडवून समोर उभी होती. बन्सी कोलमडला. "मामा! आवो मामा! हवालदार! आयो!" तो ओरडत असताना बुलेटनं त्याची टोपी उचलून कुंपणापलीकडं नेली, जे कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी कर्नल आपल्या चालीनं पोचला, आडव्या बन्सीकडं त्यानं नीट बघितलं, आणि 'हं' करून त्याच्या छातीवर बसला.

"हे कुठलं प्रशिक्षण?" वैद्यसाहेबांनी विचारलं.

सर्जेरावनं मिशीवरून हात फिरवला. "ताबा, सर. ह्याला ताबा म्हणतात."

"उठवा ह्याला!" खालून आवाज आला. "ताबा मिळालाय!"

वैद्यसाहेबांनी चारही कुत्री कामावर घेतली. तीन रात्रपाळीला, आणि कर्नल फाटकावर, नुसतं बसायला. जाताना गाडीच्या दारात थांबून ते म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं राहिलं. अशा रजा वर्षातून किती?"

"एकच," भानुमतीबाई म्हणाल्या.

"मॅडम, वसुबारस..." मागून धोंडिबा पुटपुटले.

"ती गाईंची."

"दसऱ्याला मग निदान..."

"धोंडिबा!"

गाडी गेली. कुत्र्यांनी जरा दम खाल्ला, आणि मग सर्जेरावनं मान हलवली. भागूबाई झाकणावरून उठल्या. धोंडिबांनी पिंप उघडून वाढायला घेतलं. चार थाळ्या जमिनीवर घसरत शेडभर फिरायला लागल्या. बन्सी भिंतीला टेकून कंबर चोळत होता, त्याच्याही हातात भागूबाईंनी भाकरी दिली.

भानुमतीबाई रुमाल नाकाला लावून लांब उभ्या होत्या आणि फोनवर बोलत होत्या. धोंडिबांचा पळा हवेत थांबला. रुमालामुळं त्यांना काही कळेना.

"काय म्हणाला नाशिकवाला?"

बाईंनी रुमाल खाली घेतला. "सांगितलं त्याला. गाडी आणू नका, कुत्री विकायची नाहीत."

"रुमालातनं सांगितलं का?"

"म्हणजे?"

"नाय, त्याला ऐकू आलं नसंल, मॅडम. उगी उद्या गाडी घेऊन यायचा माणूस एवढ्या लांबनं. परत एकदा सांगा की."

भानुमतीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. कोंबडीच्या वाफेत त्या चार पावलं आत आल्या, पुन्हा तोच नंबर लावला, आणि धोंडिबांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मीच बोलतेय. हो, कळलं तुम्हाला, माहीत आहे मला. तरी परत ऐका."